चित्र स्वच्छ, खिसा त्याहून स्वच्छ

घ्या. माझं उत्तर एवढंच आहे, आणि तुम्हालाही तेवढंच हवं आहे हे मला ठाऊक आहे. 'डीव्हीडी काढून तिच्या पुढच्या पिढीचा ब्लू-रे प्लेअर घ्यावा का, आणि घ्यायचाच तर साधा की चौपट ठिपक्यांचा फोर-के?' असं जो विचारतो, तो आधीच नाशिकच्या एम.जी. रोडची चार दुकानं हिंडून आलेला असतो. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर परीक्षणं वाचून त्याचे डोळे लाल झालेले असतात. त्याला सल्लागार नको असतो, जामीन हवा असतो. मी राहतो जामीन. हप्ते मात्र तुमचे तुम्ही फेडा.

आधी विज्ञान पाठ करा. घरात नवी वस्तू आणायची तर तिच्या पाठीशी विज्ञान उभं करावं लागतं. पाण्याच्या फिल्टरपासून तांब्याच्या बाटलीपर्यंत हाच शिरस्ता आहे. सीडी वाचणारा लेझर किरण 780 नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा 650चा आणि ब्लू-रेचा 405चा, निळसर जांभळा. लहर आखूड झाली की टोक बारीक होतं. बोरूने जिथे चार ओळी मावायच्या तिथे बारीक टाकाने अख्खी पोथी उतरते, तसं. डिस्क मात्र तीच, 12 सेंटीमीटरची, मोठ्या पुरीएवढी. त्या पुरीवर डीव्हीडीच्या एका थरात 4.7 जीबी मावायचे, ब्लू-रेच्या थरात 25 मावतात, दोन थर दिले की 50, आणि फोर-केच्या तीन थरांत 100. निळा प्रकाश देणारा एलईडी साधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, हेही जाता जाता सांगून टाका. नोबेलला सहसा कोणी उलटून बोलत नाही. आमच्या घरी बोलतात. 'बक्षीस त्यांना आणि बिल आपल्याला का?'

मग बाजू निवडा. तुम्ही म्हणाल, बाजू आता एकच उरली आहे. ती कशी उरली ते ऐका, कारण त्या लढाईत आमच्याकडचाही एक कामी आला. 2006च्या वसंतात तोशिबाच्या एचडी डीव्हीडीने बाजारात पाय ठेवला, पाठोपाठ जूनमध्ये ब्लू-रे आला. दोघांचा किरण निळाच, दोघांचं चित्र 1920 बाय 1080 ठिपक्यांचं, म्हणजे फुल एचडीच, फक्त एकाची डिस्क दुसऱ्याच्या यंत्रात चालायची नाही. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात. हॉलिवूडच्या स्टुडिओंची वाटणी झाली. सोनीने प्लेस्टेशन 3 या खेळाच्या यंत्रातच ब्लू-रे घालून तो पोरांच्या हातून घराघरांत घुसवला. 4 जानेवारी 2008ला वॉर्नरने ब्लू-रेची बाजू धरली आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने शस्त्रं खाली ठेवली. पुरती दोन वर्षंही नाहीत. एवढ्या वेळात आपल्याकडे बांधाच्या भांडणात मोजणीवाला येत नाही.

माझा मेव्हणा अमेरिकेत असतो. त्याने 2007च्या नाताळात एचडी डीव्हीडीचा प्लेअर घेतला. तो एवढा स्वस्त का लावलाय, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. मे महिन्यात तो नाशिकला आला तेव्हा बॅगेतून साड्यांच्या घडीत गुंडाळलेला प्लेअर निघाला. 'दाजी, तुमच्यासाठी खास.' तिकडे मेलेली वस्तू इकडे भेट होऊन जन्माला येते, आणि आपण 'अरे, कशाला एवढं?' म्हणतो. दुपारचं भारनियमन संपून नुकतीच वीज आली होती. घरचे सगळे जमले, शेजारचेही दोघे आले, मी प्लग लावला. पाठीमागे बारीक अक्षरांत 120 व्होल्ट लिहिलेलं होतं, ते धूर निघाल्यावर वाचलं.

सोबतच्या तीन डिस्क वाया गेल्या नाहीत. दिंडोरीला मामेभावाच्या द्राक्षबागेत त्या दोऱ्याला टांगल्या आहेत. उन्हात लकाकल्या की पाखरं उडतात. मामेभाऊ म्हणतो, साध्या सीडीपेक्षा लांब उडतात.

तेव्हा फॉरमॅटचं आयुष्य वर्षांत मोजू नका, नाशिककराने ते सिंहस्थात मोजावं. 2003च्या सिंहस्थाला आमच्याकडे व्हीसीडी होती. 352 बाय 288 ठिपके, त्यामुळे पावसाच्या गाण्यात नायिका, छत्री आणि पाऊस एकाच चौकटीदार खिचडीत मिसळून जायचे. एक सिनेमा दोन डिस्कवर असायचा, अर्ध्यात उठून बदलावी लागायची, पण त्या निमित्ताने चहा व्हायचा. पुढच्या सिंहस्थापर्यंत डीव्हीडी घरोघरी गेली. डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकून दाखवली. एचडी डीव्हीडी जन्माला येऊन वारलीसुद्धा. 2015ला रामकुंडावर आखाडे उतरत होते त्याच वर्षी फोर-के ब्लू-रेचे नियम ठरले. 2016ला त्याच्या डिस्क बाजारात आल्या, आणि त्याच 2016च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात येऊन बसलं होतं. वरात दारात आणि नवरी दुसऱ्याच्या घरी. 28 रुपयेवाली मोझर बेअर 2018ला अवसायनात निघाली. सॅमसंगने 2019ला अमेरिकेच्या बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणं सोडलं. सोनीने फेब्रुवारी 2025मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. आता 2027चं सिंहस्थ स्नान तोंडावर आलंय. ब्लू-रे घ्यायला याहून चांगला मुहूर्त मला तरी दिसत नाही.

तरीही मनात किंतु असेल तर गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीचं माप लावा. गोदेला पूर आला की सराफ बाजारवाला हवामान खात्याकडे बघत नाही, मारुतीला पाणी कुठवर लागलं ते विचारतो. तसंच दुकानात करायचं. दुकानदार म्हणाला, 'साहेब, ब्लू-रेवर ऑफर आहे,' की पाणी गुडघ्याला. 'मागवून देतो, आठ दिवस लागतील,' म्हणाला की कमरेला. आणि त्याने आतल्या पोराला हाक मारून 'अरे, ते ब्लू काय ते, आपल्याकडे असतं का रे?' असं विचारलं की गळ्याला. माझ्या वेळी पोरगा आतून ओरडला, 'ब्लूटूथ का?' मारुती पुरता बुडाला होता. मी तिथल्या तिथे पूर्ण रक्कम आगाऊ भरली.

बरोबर प्लेअर टीव्हीला जोडणारी, सोन्याचा मुलामा दिलेली एचडीएमआय केबलही घेतली. तुम्हीही घ्या. तिच्यातून अंक जातात, ते एकतर पोचतात किंवा पोचत नाहीत. सोन्यामुळे नायिकेचा रंग उजळत नाही. पण नाशिकमध्ये सोनं घेताना एवढी चिकित्सा कोणी केलेली मी पाहिली नाही.

आता प्रदेशाची भानगड. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे तुकडे पाडले, अमेरिकेला 1 नंबर दिला आणि आपल्याला 5. ब्लू-रेवाल्यांनी नव्याने वाटणी केली: अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये, आपण चीन-रशियाच्या पंगतीला सी मध्ये. परदेशातून आणलेली डिस्क घातली की प्लेअर अत्यंत अदबीने नाही म्हणतो. एचडी डीव्हीडीला हे बंधन नव्हतं, ती कुठेही चालली असती, गेली बिचारी. फोर-केच्या डिस्कलाही ते नाही, पण एव्हाना डिस्क नेणाराच कोणी उरला नव्हता. लोक या प्रकारावर फार चिडतात. आपण चिडू नये, आपल्याकडे प्रदेशाचा कोड केव्हाचा आहे. संकल्प सांगताना गुरुजी 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणतात, आणि तेच गुरुजी पूल ओलांडून पंचवटीत आले की 'उत्तरे तीरे' म्हणतात. चुकून दक्षिणेचा संकल्प उत्तरेला सोडला तर पूजा होते, पण कोणाच्या खात्यात जमा होते ते सांगता येत नाही. मी पंचवटीतल्या हिरावाडीत, म्हणजे उत्तर तीरावर राहतो, त्यामुळे मला ही पद्धत समजायला वेळ लागला नाही.

यानंतर बसायचं कुठे हा प्रश्न येतो, आणि तो दुकानात कोणी काढत नाही. 43 इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपके सुटे सुटे ओळखायला चांगल्या नजरेच्या माणसालाही साधारण साडेपाच फुटांच्या आत बसावं लागतं. फोर-केसाठी पावणेतीन फुटांच्या. तुमचा सोफा दहा फुटांवर आहे, कारण त्याहून पुढे सरकवला की स्वयंपाकघराचं दार उघडत नाही. शिवाय तुमचा मोतीबिंदू पिकायची वाट बघतोय. म्हणजे घरात फोर-केचा लाभ घेणारा एकच जण, वर्ष-दीड वर्षाचा नातू. तो टीव्हीच्या टेबलाला धरून उभा राहतो आणि पडद्याला जीभ लावतो. बाकीच्यांनी स्तुतीवर भागवायचं. दर दहा मिनिटांनी 'काय क्लॅरिटी आहे!' म्हणत राहा. आम्ही पहिल्या दिवशी एका नटाच्या कपाळावरचा टोप चिकटवल्याची रेघ पाहिली. इतकी वर्षं तो माणूस आम्हाला केसाळ वाटत होता. पैसे वसूल.

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरीची सूचना. नाशिकरोडला नोटा छापतात, म्हणून त्या आपल्या अंगावर आपोआप येतात असा समज करून घेऊ नका. मागाव्या लागतात, आणि घरातच मागाव्या लागतात. मी गावच्या इतिहासाचा आधार घ्यायचं ठरवलं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले, आपल्या नाशिकमध्ये राहिले. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, तेव्हा कुठे 1913 साली या देशात सिनेमा उभा राहिला. हे मी जेवणं झाल्यावर, आवाजात थोडा कंप आणून सांगितलं. बायकोने ताटं आवरता आवरता ऐकून घेतलं.

'अहो, फाळक्यांनी दागिने घेऊन सिनेमा काढला. तुम्ही नुसता बघणार.'

तेव्हा फाळके काढू नका. मी शेवटी मुदत ठेवीवर भागवलं.

एक गोष्ट दुकानदाराला कळू न देता सांगतो. चित्र खरोखर चांगलं आहे. फोर-के डिस्क सेकंदाला 100 मेगाबिटच्याही वर ओतू शकते, इंटरनेटवरचं फोर-के याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात कसंबसं संसार करतं. रात्रीच्या दृश्यात आभाळाचे जे पट्टे पट्टे पडतात ते डिस्कवर पडत नाहीत, आवाजही चेपलेला नसतो. आणि कपाटातली डिस्क 'करार संपला' म्हणून मध्यरात्री गायब होत नाही. इतकी चांगली आणि इतकी टिकाऊ वस्तू बाजारात टिकेल, असं तुम्हाला कोणत्या अनुभवावरून वाटलं? शिवाय अधूनमधून नवी डिस्क घातली की प्लेअर म्हणतो, आधी मला इंटरनेटला जोडा, अपडेट करायचंय. इंटरनेटचा जाच नको म्हणून घेतलेला प्लेअर इंटरनेट मागतो. माहेरी आलेल्या लेकीने सासूचा फोन लावून मागावा तसं.

आता बघायचं काय. मराठी सिनेमा ब्लू-रेवर शोधायला निघालात तर घरून डबा घेऊन निघा. माझ्याकडे एकूण चार डिस्क आहेत, त्यातल्या दोन बरोबर फुकट आल्या होत्या आणि एक मत्स्यजीवनावर आहे. पाहुणे आले की मी मासे लावतो. पाहुणे दोन मिनिटं मासे बघतात, मग आपापल्या मोबाइलवर तळहाताएवढ्या पडद्यात वेगळंच काही बघू लागतात. जुन्या डीव्हीड्या लावाव्यात म्हटलं, तर प्लेअर त्यांच्या 576 ओळी ताणून 2160 करतो. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतो तशा. आमटी पुरते, पण ती खाताना काय झालंय ते जीभेला कळतं.

तरीही माझा प्लेअर पडून राहिला असं कोणी म्हणू शकणार नाही. गेल्या श्रावणात सत्यनारायण होता. गुरुजींना त्या दिवशी सहा घरं, ते म्हणाले, 'मला जमणार नाही, सीडी लावा आणि पूजा करून घ्या.' सीडी होती, कपाटात, पोथीच्या कापडात. ती लावायला घरात काही नव्हतं. लॅपटॉपला खाच नाही, टेप केव्हाच भंगारात गेला. तेव्हा बायकोच म्हणाली, 'अहो, तुमचा तो मासेवाला लावा.'

लावला. 405चा निळा किरण बाजूला राहिला आणि 780चा म्हातारा कामाला लागला. पडद्यावर, 43 इंचांत, फोर-केमध्ये, फक्त 'ट्रॅक 1' एवढं आलं. सोन्याच्या केबलमधून सीडीतले गुरुजी इतके स्वच्छ बोलू लागले की त्यांनी मधे घेतलेला श्वासही ऐकू आला. आचमन झालं, प्राणायाम झाला, मी हातात पळीभर पाणी घेतलं. गुरुजी म्हणाले, 'गोदावर्याः दक्षिणे तीरे...'

बायकोने चौरंगाजवळचा रिमोट उचलून पॉज दाबलं.

'हे पुण्याकडचं दिसतंय,' ती म्हणाली. मग डोळे मिटून तिनेच 'उत्तरे तीरे' म्हटलं, मला पाणी सोडायला लावलं, आणि पुन्हा प्ले दाबलं.