सामाईक विहीर

सामाईक विहिरीवरून भाऊबंद तीन-तीन पिढ्या कोर्टात भांडतात. आमच्या ऑफिसात तेवढं वैर एका सामाईक फोल्डरने दीड दिवसात घडवलं.

मशीनं विंडोजची, 'हिशेब' हा सामाईक फोल्डर मात्र लिनक्स या वेगळ्या प्रणालीच्या मशीनवर. त्यात मार्चअखेर. "तुला कळतं ना त्यातलं?" साहेब म्हणाले. मी एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढला होता, तेव्हापासूनची ही कीर्ती.

लिनक्स-विंडोजमधल्या दुभाष्या सॉफ्टवेअरचं नाव सांबा. दोघांनी बोलायची भाषा एसएमबी. म्हणून ते लिहिणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने एस, एम, बी याच क्रमाने येणारे शब्द यादीतून धुंडाळले, आणि हे नाचाचं नाव सापडलं. नाचलो मी.

आधी अकाउंट्सच्या काकूंचा पासवर्ड चालेना. "अरे, याच पासवर्डने लिनक्स उघडतं की!" उघडतं, पण सांबा आपली पासवर्डची वही वेगळी ठेवतो. तिथे काकूंचं नाव चढवलं. फाइल उघडली, पण सेव्ह होईना. सांबाची परवानगी होती, फोल्डरचा मालक मात्र लिनक्सचा मुख्य कारभारी, रूट. म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे आणि विहिरीला कुलूप.

"७७७ मार ना," साहेब म्हणाले. हा आकडा त्यांना कुठून कळला देव जाणे. लिनक्सच्या परवानग्यांच्या आकड्यांत ७७७ म्हणजे आवजाव घर तुम्हारा. त्या मशीनवर खातं असलेला कोणीही लिहिणार, कोणीही पुसणार. मी वेगळा ग्रुप केला, माणसं मोजून घातली आणि २७७० दिलं. शेवटच्या ० मुळे बाहेरच्यांना दार बंद. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी नवी फाइलही ग्रुपच्याच नावावर चढते.

मग म्हातारा स्कॅनर रुसला. त्याला फक्त एसएमबी-१, म्हणजे त्या भाषेचं जुनं रूप येतं, आणि सांबाने २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ते आपणहून बंद ठेवलंय. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या दारातून जगभर पसरला होता. "पाच मिनिटं चालू कर," साहेब म्हणाले. मी त्यांच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात.

संध्याकाळी सगळं सुरळीत. सकाळी मुख्य फाइल उघडली तर फक्त वाचता येतेय. काकूंच्या मशीनवर ती उघडीच. काकू भाचीच्या लग्नाला कोल्हापुरात, केबिनची किल्ली पर्समध्ये. विहीर खुली, पोहरा काकूंकडे. फोन लावला.

"अरे, बंद करूनच निघाले मी!"

"कॉम्प्युटर?"

"नाही रे, तो टीव्हीसारखा असतो ना, तो."