बारा वाजले!

पुणेकरांच्या 'दुपारी १ ते ४ बंद'वर हसणाऱ्या प्रत्येकाला एकदा फ्रान्सच्या खेड्यात नेऊन सोडलं पाहिजे. तेही सव्वाबाराला, उपाशीपोटी आणि सोबत आई.

दादा-वहिनी लंडनला असतात, त्यांनी उन्हाळ्यात दोर्दोन्य भागात सार्लाजवळ भाड्याने घर घेतलं. दगडी भिंती, अक्रोडाची झाडं, शेजारच्या शेतात बदकं, दुकान मात्र गाडी काढल्याशिवाय नाही. वहिनीने यादी केली, रोज दोन-तीन गावं सहज होतील म्हणाली, अंतरंच किती आहेत! अंतरं खरंच काही नाहीत. गावाच्या नावाची पाटी येते, ते नाव नीट वाचून होईपर्यंत त्याच नावावर लाल काट मारलेली पाटी येते, गाव संपलं. पण आमच्या घरातनं पाच माणसं बाहेर पडायची म्हणजे आधी चहा, मग आईची पूजा, मग दादाचा 'दोन मिनिटांचा' कॉल, त्यात परत चहा, आणि सगळे गाडीत बसल्यावर कुणाचा तरी गॉगल वर राहिलेला. त्यामुळे कुठल्याही गावात आम्ही पोचायचो आणि चर्चमध्ये बाराचे टोले पडायचे. टोले पडले की शटर पडलं. बेकरी, किराणा, पोस्ट, सगळं दोनपर्यंत गुल.

आमच्या गावातली घंटा तर बारा टोले देऊन झाले की जरा वेळाने परत बारा द्यायची, ज्यांचं मोजताना चुकलं त्यांच्यासाठी असावं. रात्रीसुद्धा. वर पहाटे कोंबडा. बायको म्हणाली तक्रार करू, तर दादाने सांगितलं की ओलेरों बेटावर मोरीस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजारी कोर्टात गेले होते, २०१९ मध्ये निकाल लागला आणि कोंबडा जिंकला. पुढे २०२१ मध्ये खेड्यातले आवाज आणि वास हा देशाचा वारसा आहे असा कायदाच झाला. म्हणजे घंटा कायदेशीर, कोंबडा कायदेशीर, शेणाचा वास पण कायदेशीर. झोपेचं तेवढं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

लास्कोची गुहा बघायची होती. १९४० मध्ये पोरांना सापडली, हजारो वर्षांपूर्वीचे बैल-घोडे रंगवलेत आत. पण माणसांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून १९६३ पासून खरी गुहा बंद! बंद ठेवण्यात ह्या भागाचा हात कोण धरणार? तिची हुबेहूब नक्कल २०१६ पासून उघडी आहे, पण तिथे तिकिटावर वेळ असते. आमची सकाळी साडेनऊची होती. चहाचं वर लिहिलंच आहे.

ला रोक-गाजाक मात्र बघण्यासारखं. खाली नदी, नदीला खेटून घरांची एक रांग आणि घरांच्या डोक्यावर सरळसोट कडा. दक्षिणेकडे तोंड, त्यात कड्याची ऊब, म्हणून तिथे चक्क केळी लावल्यात. आम्ही वर कडा बघतोय, आई केळीपाशी. "ह्याच्यासाठी विमानात बसवलंस का रे? आपल्या मोरीच्या पाण्यावर आहेत की." मग पान हातात घेऊन उलटसुलट बघितलं, कडेला फाटलेलं होतं तरी एखादं मिळालं तर संध्याकाळी वाढायला होईल म्हणाली. वहिनीने तिला अक्षरशः ओढत गाडीत आणलं.

तिथनं जेवायला गेलो तेव्हा दोन वाजत आलेले. दादा आत शिरला आणि थेट "पाच जण" म्हणाला. बोंजूर न म्हणता! ती बाई अशी बघायला लागली की हा चपला घालून देवघरात शिरलाय. मग तिने सावकाश, नीट ऐकू जाईल असं बोंजूर म्हणलं, दादाने म्हणलं, मी म्हणलं, आईने नमस्कार केला, आणि एवढं सगळं झाल्यावर तिने हसत सांगितलं, किचन बंद झालं. गाडीत चिवडा होता म्हणून निभावलं.

रविवारी आम्ही जिद्दीने बाराच्या ठोक्याला टेबलावर. मेनूत बदकाची मांडी, बदकाची छाती, बदकाचं लिव्हर, सॅलडवर बदकाच्या पोटातलं काहीतरी. वहिनीने मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, नुसते बटाटे? तर ते बदकाच्या चरबीत परतलेले, इथली खासियतच आहे ती. "बटाट्यात बदकाचं काय काम?" आईचा प्रश्न बरोबर होता पण वेटरला कोण सांगणार. शेवटी तिला बकरीचं चीज आणि अक्रोड घातलेली पालेभाजी आली, तिने पर्समधलं मेतकूट वरून भुरभुरवलं आणि सगळी संपवली. एकेक पदार्थ निवांत येत होता, उठेपर्यंत अडीच. म्हणलं बरंय, आता दुकानं उघडली असतील. रविवारी दुपारी कुठली उघडायला!

परतताना आईने फर्मान काढलं, उद्या पाचला उठायचं, आठला गावात, बघू कोण शटर ओढतं ते. पहिल्यांदाच सगळे हो म्हणाले, दादासुद्धा. वहिनी उत्साहाने फोनवर बेकरीची वेळ बघायला लागली आणि मग बराच वेळ काही बोलेचना.

"काय झालं गं?"

"आई, उद्या सोमवार. सोमवारी बंद असतं."