तीस दिवसांचे पिल्लू नेमके कोणाच्या सोयीचे?

'जातिवंत आणि चपळ पिल्लू निवडण्याचे सात सुवर्णनियम' हा संदेश गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे निदान चारदा आला असेल, आणि चारही वेळा मी तो काही न बोलता पुसून टाकला. गेल्या रविवारी तो पाचव्यांदा आला तो माझ्या भाचीकडून. त्याखाली तिने लिहिले होते, 'मामा, यात सांगितल्याप्रमाणेच बॉर्डर कॉलीचे पिल्लू ठरवले आहे. बत्तीस दिवसांचे आहे, शनिवारी आणायला जातोय.' बॉर्डर कॉली ही मेंढ्या हाकण्याच्या कामासाठी जोपासलेली कुत्र्याची जात. तेव्हा मात्र गप्प बसणे शक्य राहिले नाही.

संदेशातले नियम थोडक्यात असे. नोंदणीचे कागद असले म्हणजे ब्रीडर, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणारा, चांगला समजावा. पिल्लू तीस ते पस्तीस दिवसांचे असतानाच घरी आणावे, म्हणजे त्याला मालकाचा लळा लागतो. पिल्लांची आई पाहण्याचा आग्रह धरू नये, कारण ती चिडते. जे पिल्लू सर्वांत आधी धावत अंगावर येईल तेच उचलावे. सर्व लसी पूर्ण होईपर्यंत त्याला घराबाहेर काढू नये. कामकरी जातीचे कुत्रे रोज पुरते दमवावे लागते, म्हणून तिसऱ्या महिन्यापासून त्याला सायकलबरोबर पळवावे. आणि पहिल्या दिवसापासून त्याला उताणे पाडून दाबून धरावे, म्हणजे घरात वरचढ कोण हे त्याला कळते.

या क्रमाने जाण्यात अर्थ नाही, कारण शनिवार जवळ आला होता आणि यातला सर्वांत घातक नियम दुसरा आहे.

पिल्लाचे डोळे दुसऱ्या आठवड्यात उघडतात, कान साधारण तिसऱ्या आठवड्यात काम करू लागतात आणि त्याच सुमारास दुधाचे दात वर येऊ लागतात. म्हणजे तीस दिवसांच्या पिल्लाला जग दिसू-ऐकू लागून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुढचे चार आठवडे ते आई आणि भावंडांमध्ये जे शिकते, ते त्याला माणसाला तितक्या सहजपणे शिकवता येत नाही. दंगा करताना एकाने जोरात चावा घेतला की दुसरे कळवळून ओरडते आणि खेळ मोडतो. असे शेकडो वेळा घडल्यावर दाताचा जोर किती लावायचा हे पिल्लाच्या अंगवळणी पडते. आई दूध तोडू लागते तेव्हा ती पिल्लांना अंगाशी येऊ न देता उठून निघून जाते, फारच झाले तर गुरगुरते, आणि हवे ते हवे त्या क्षणी मिळत नाही हा धडा पिल्लू तिच्याकडून घेते. ज्या जातीचे तोंड आणि पाय दोन्ही जन्मतःच अस्वस्थ असतात, तिच्या पिल्लाला तर हा धडा सर्वांआधी हवा.

इटलीतील संशोधकांनी २०११ साली 'व्हेटरिनरी रेकॉर्ड' या नियतकालिकात नेमक्या याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १४० कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून घेतली होती. त्यांपैकी ७० कुत्री ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून वेगळी केलेली होती आणि उरलेली ७० दोन महिन्यांची झाल्यावर. लवकर वेगळ्या केलेल्या गटात सामानाची नासधूस, अति भुंकणे, फिरायला नेल्यावर भिणे, आवाजांना दचकणे, अन्न आणि खेळणी कोणाला हात लावू न देणे, सतत लक्ष वेधून घेणे या तक्रारी लक्षणीयरीत्या अधिक आढळल्या. ही माहिती मालकांनी सांगितलेली आहे, त्यामुळे तिला अखेरचा शब्द म्हणता येणार नाही, हे मी मान्य करतो. पण संदेशकर्त्याकडे तर सांगोवांगीचा आधारसुद्धा नाही. मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी, असाच कोणाचा तरी सल्ला ऐकून, पाच आठवड्यांचे जर्मन शेफर्ड घरी आणले होते. तो कुत्रा अकरा वर्षे जगला आणि त्या अकराही वर्षांत तो खात असताना घरातली सगळी माणसे त्याच्या थाळीला वळसा घालून जात असत. एका कुत्र्यावरून काही सिद्ध होत नाही, परंतु वरची यादी मी प्रथम वाचली तेव्हा मला ती थाळी आठवली.

आता लळ्याविषयी. यात अर्धे सत्य आहे आणि ते अर्धे सत्यच लोकांना फसवते. कुत्र्याच्या पिल्लाला माणसाची सवय लहान वयातच लागावी लागते. फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी १९६१ साली 'सायन्स'मध्ये मांडलेल्या प्रयोगात कुंपणाच्या आत माणसांशी संबंध न येऊ देता वाढवलेली पिल्ले वेगवेगळ्या वयांत आठवडाभर माणसांच्या सहवासात आणली होती. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत हा सहवास मुळीच मिळाला नाही, ती भित्री राहिली. पण माणसांची सवय लागावी म्हणून पिल्लाला आईपासून तोडावे लागत नाही. माणूस रोज पिल्लांमध्ये जाऊन बसला, त्यांना हातात घेतले, घरातले आवाज त्यांच्या कानी पडू दिले, की काम होते; आणि हे काम ब्रीडरचे असते. आठ आठवड्यांनी नव्या घरी आलेल्या पिल्लाला नव्या माणसांचा लळा लागत नाही, असे म्हणणाऱ्याने एकही पिल्लू नीट पाहिलेले नसावे.

मग तीस दिवसांचा आग्रह का? साध्या हिशेबाने पाहू. पहिले चार आठवडे पिल्ले आईच्या दुधावर असतात आणि त्यांची घाणही आईच चाटून साफ करते. पिल्ले वरचे अन्न खाऊ लागली की आई ते काम सोडते. तेथून पुढे सात-आठ पिल्लांचे दिवसातून चार वेळचे खाणे, सतत सांडणारी घाण, जंतांचे औषध आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यातली पहिली लस हे सर्व ब्रीडरच्या गळ्यात पडते. म्हणजे ज्या आठवड्यात पिल्लावर खरा खर्च आणि खरे कष्ट सुरू होतात, नेमक्या त्याच आठवड्यात ते विकून टाकावे असा हा सुवर्णनियम सांगतो. तो कोणी लिहिला असेल याचा मला पुरावा देता येणार नाही, पण तो कोणाच्या सोयीचा आहे हे सांगायला पुरावा लागत नाही.

आई न पाहण्याचा नियमही त्याच सोयीच्या घरातला. पिल्ले अगदी लहान असताना परके माणूस आईला नको असते आणि ते बाहेरचा संसर्गही आणू शकते, एवढे खरे. परंतु पिल्ले सहा-सात आठवड्यांची झाल्यावर आई दाखवता येत नसेल, तर एकतर ती तेथे नाही, किंवा ती दाखवण्याजोग्या स्थितीत नाही, किंवा ती परक्या माणसासमोर अशी वागते की ते पाहून गिऱ्हाईक परत फिरेल. भित्रेपणा काही अंशी वंशातून उतरतो आणि काही अंशी भित्र्या आईकडे पाहून पिल्ले तो उचलतात, त्यामुळे पिल्लाविषयी सर्वांत जास्त माहिती पिल्लाकडून मिळत नाही, आईकडून मिळते. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लांची मध्यस्थामार्फत विक्री कायद्याने बंद झाली, आणि पिल्लू जन्मस्थळी, आईसोबत दाखवणे ब्रीडरला बंधनकारक झाले, ते उगाच नव्हे.

कामकरी जातीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे, ती म्हणजे आई-बाप काय करतात. बॉर्डर कॉलीच्या काही वंशावळी आजही मेंढ्या हाकणाऱ्यांनी जोपासल्या आहेत, काही प्रदर्शनांसाठी आणि काही खेळाच्या स्पर्धांसाठी. नाव एकच असले तरी पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या पिल्लाच्या अंगातली धग बहुधा सारखी नसते. मेंढ्या हाकणाऱ्या आई-बापांचे पिल्लू चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, दिवसभर कामावर असणाऱ्या कुटुंबाला निमूटपणे देणारा ब्रीडर एकतर अडाणी आहे किंवा बेफिकीर.

कागदांबद्दल फार लिहीत नाही. नोंदणी आई-बापांची नावे सांगते. त्यांचे सांधे, डोळे आणि स्वभाव यांबद्दल ती काहीच सांगत नाही. खुब्याच्या सांध्याचे क्ष-किरण तपासून प्रतवारी देणारी अमेरिकेतली संस्था अंतिम प्रत कुत्रे दोन वर्षांचे झाल्यावरच देते, म्हणून दीड वर्षाच्या कुत्रीला पिल्ले झाली असतील तर 'खुबे तपासलेले आहेत' या वाक्याचा अर्थ नीट विचारून घ्यावा. कॉली वर्गातल्या जातींत डोळ्यांचा एक जन्मजात दोष आढळतो आणि तो सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लात तपासता येतो. बत्तीस दिवसांच्या पिल्लाच्या विक्रीत ही तपासणी कधी व्हायची? आणि 'दुर्मीळ ठिपकेदार रंग' असे कोणी मिरवू लागला तर आई आणि बाप दोघेही त्याच मर्ल रंगाचे आहेत का, हे आधी विचारावे. तसे असल्यास सरासरीने चारांतले एक पिल्लू त्या रंगाचे जनुक दोन्हीकडून घेते, आणि अशा पिल्लांत बहिरेपणा व अंधत्व यांचा धोका मोठा असतो.

सर्वांत आधी धावत येणारे पिल्लू हा तर निव्वळ योगायोगाचा प्रश्न आहे. त्याची झोप नुकतीच झालेली असते आणि शेजारच्याचे पोट नुकतेच भरलेले असते. ज्याने आठ आठवडे सर्व पिल्ले पाहिली आहेत त्याला विचारावे, दहा मिनिटे पाहिलेल्याने निवडू नये.

लसींचा नियम मला पूर्णपणे खोडता येत नाही, हे थोड्या नाखुशीनेच लिहितो. पार्व्हो हा पिल्लांना मारणारा रोग आहे, आणि आईकडून आलेली प्रतिद्रव्ये लसीच्या आड येत असल्यामुळे पिल्लांच्या लसमालिकेतली शेवटची मात्रा सोळा आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर द्यावी लागते. पण नव्या गोष्टी निर्भयपणे स्वीकारण्याचे पिल्लाचे वय साधारण बारा ते चौदा आठवड्यांत मिटू लागते. म्हणजे सोळा आठवडे दाराआड ठेवलेले पिल्लू लसवंत होते आणि त्याच वेळी रहदारी, छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा या सर्वांना भिणारेही होऊ शकते. पशुवर्तनाच्या अभ्यासक पशुवैद्यांच्या अमेरिकन संघटनेने २००८ सालच्या निवेदनात म्हटले आहे की पहिल्या लसीनंतर किमान सात दिवसांनी, सात-आठ आठवड्यांच्या वयात, पिल्लांचे वर्ग सुरू करता येतात. आणि त्याच निवेदनानुसार तीन वर्षांखालील कुत्र्यांच्या मृत्यूचे पहिले कारण संसर्ग नसून वर्तनाच्या समस्या आहे. अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर पिल्लाला सोडू नये, हे बरोबर. त्याला कडेवर घेऊन रस्ता दाखवायला कोणाची हरकत आहे?

दमवण्याच्या नियमावर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तो शहाणपणासारखा दिसतो. तीन महिन्यांच्या पिल्लाच्या हाडांची टोके अजून वाढत असतात, मोठ्या जातींत ती भरून यायला वर्ष-दीड वर्ष लागते, आणि सायकलच्या वेगाने कठीण रस्त्यावर सक्तीने पळवणे हा त्या सांध्यांवर अत्याचार आहे. शिवाय दमवण्याची ही युक्ती उलटते. रोज पळवलेले कुत्रे दोन महिन्यांत तेवढ्या पळण्याने दमेनासे होते. आपण एक धावपटू तयार करतो आणि मग तो घरात का धावतो म्हणून डोक्याला हात लावतो. लहान पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपते, आणि झोप मोडलेले पिल्लू तापट मुलासारखे चावत सुटते. ते पाहून लोक समजतात की त्याला अजून पळवायला हवे.

बॉर्डर कॉलीत तर आणखी एक गोष्ट आहे. रोखून पाहणे, दबा धरणे, पाठलाग करणे हा शिकारीचा अर्धा भाग माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून तीव्र केला आणि पुढचा मारण्याचा भाग दाबला. मेंढ्या नसल्या की हे डोळे हलणाऱ्या कशावरही खिळतात: सायकलचे चाक, पळणारे मूल, भिंतीवरचा कवडसा. अशा पिल्लाला सायकलमागे पळवणे म्हणजे चाकाचा पाठलाग स्वतःच्या हाताने शिकवणे. घराची तयारी करायची ती उलट दिशेने: मुलांच्या खोलीच्या दाराला अडसर, झोपेसाठी शांत कोपऱ्यात क्रेट (कुत्र्याचा पिंजरा), चघळायला योग्य वस्तू, वास हुडकण्याचे आणि थांबण्याचे छोटे खेळ, आणि काहीही घडत नसताना स्वस्थ पडून राहिल्याबद्दल मिळणारे बक्षीस. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, पिल्लाला नव्हे, आपल्याला.

उताणे पाडण्याच्या नियमाबद्दल एवढेच सांगतो की २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या ज्या मालकांनी हा प्रकार केला होता, त्यांपैकी ३१ टक्के मालकांच्या कुत्र्यांनी त्यावर आक्रमक प्रतिसाद दिला होता. ज्या घरात सहा वर्षांचे मूल मोठ्यांचे पाहून तेच करणार आहे, तेथे हा नियम पाठवणाऱ्याचा मला राग येतो.

बुधवारी भाचीने त्या विक्रेत्याला फोन केला. पिल्लू आठ आठवडे आईजवळ ठेवाल का, या प्रश्नावर 'मग दुसऱ्याला देतो' असे उत्तर आले. आई पाहता येईल का, यावर ती दुसऱ्या जागी हलवली आहे असे कळले. आणि पुढे सांभाळणे जमले नाही तर पिल्लू परत घ्याल का, यावर फोन बंद झाला. दुसऱ्या एका ब्रीडर बाईंकडे सध्या पिल्लेच नाहीत, पुढच्या वेतापर्यंत थांबावे लागेल. त्यांनी फोनवर भाचीलाच पाऊण तास प्रश्न विचारले, आणि त्यांतला एक असा होता की मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी पहाटे कुत्र्याला बाहेर कोण नेणार. त्यावर त्या घरात अजून एकमत झालेले नाही.