झाडमाणसाला तहान लागू द्या

गेल्या रविवारी लातूरला आमच्या गच्चीवर पाथफाइंडरची नवी मोहीम सुरू केली. चार खेळाडू, आणि गेम मास्टर मी. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, गेम मास्टरनं गोष्ट पुढं न्यायची, आणि जिथं जमेल की नाही अशी शंका येते तिथं वीस बाजूंचा फासा टाकायचा. १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निघाला, तिथून हा प्रकार रुळला. पात्राचा वंश आपण निवडायचा. टोकदार कानांचा एल्फ, बुटका, ऑर्क हे नेहमीचे. आमच्यातला एक जण औशाकडं शेती करतो, त्यानं लेशी घेतला. लेशी म्हणजे वनस्पतीच्या देहात उतरलेला निसर्गाचा आत्मा. नाव स्लाव लोककथांतल्या रानदेवाचं आहे. कुणी वेलीचा लेशी, कुणी भोपळ्याचा, कुणी अळंबीचा, कुणी निवडुंगाचा.

त्याच्या आहाराचा नियम मी वाचून दाखवला. लेशीला शिधा विकत घ्यावा लागत नाही, तो झाडासारखा जगतो. मात्र उन्हावर जगणाऱ्या लेशीला आठवडाभर ऊन मिळालं नाही तर त्याची उपासमार सुरू होते. मग बाटलीत भरलेलं ऊन विकत घ्यायचं, तेही साध्या शिध्याच्या दहापट किमतीनं.

औशाचा तो शेतकरी म्हणाला, "दादा, हे सगळं उन्हाचंच झालं की. पाण्याचं कुठं लिहिलंय?"

मी परिच्छेद पुन्हा वाचला. नव्हतं लिहिलेलं.

मला हा खेळ मनापासून आवडतो, आणि लेशी तर फारच आवडतो. पण तो नियम जिथं सूर्य दुर्मिळ वाटतो तिथल्या कल्पनेतून आलाय. अंधारी गुहा, दाट जंगल, लांबलेला हिवाळा. आपल्याकडं उन्हाची बाटली कोण विकत घेईल? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. मी तेव्हा शाळेत होतो. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहताना अंगणातला कढीपत्ता रोज थोडा थोडा वाळताना पाहिलाय. त्याला ऊन कमी पडलं नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे की झाडमाणसाचं पात्र तहानेवर बांधावं. तहान आली की झाडाचा स्वभाव दिसायला लागतो, आणि प्रत्येक झाडाचा तो वेगळा असतो. निवडुंगाच्या लेशीला खेळात काटे मिळाले, छान झालं. पण निवडुंगाचं खरं कसब वेगळंच आहे. दिवसा तो खोडावरची बारीक छिद्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो, म्हणजे ओल फारशी उडून जात नाही. रात्री श्वास घेणारा नायक किती वेगळा खेळता येईल!

आणि ज्वारी. कुठल्याच पुस्तकात ज्वारीचा लेशी मला सापडला नाही, म्हणून आम्ही तो बनवला. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मुरलेल्या ओलीवर येतो, पाऊस संपल्यावर. मुळं खोल जातात. ताण बसला की पानांची सुरळी होते, वाढ थांबते, पाणी मिळालं की ताट पुन्हा वाढीला लागतं. कोवळेपणी ताण पडला तर पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, विष उतरतं. ते खाऊन गुरांना किराळ लागते, जनावर दगावतंसुद्धा. एवढं सगळं एका पिकात असताना आपण एल्फाच्या कानांवर का अडून बसलोय?

आमचा नियम असा: पात्राला पाच 'ओल'. रोज एक कमी होते. दोनवर आली की सुरळी: चाल निम्मी, पण घाव कमी लागतो. शून्यावर आली की वाढ थांबते, आणि त्याला जो चावेल त्याला किराळ. पाऊस पडला की एका रात्रीत सगळी ओल परत.

याच खेळात घोरन नावाचा वंश आहे, तोही मला अस्वस्थ करतो. जादूच्या युद्धानं जमीन नासली, लोक उपाशी मरायला लागले, तेव्हा खाण्यासाठी म्हणून निर्माण केलेलं ते पीक. पुढं त्याला जाण आली, तरी लोक त्याला खातच राहिले. घोरन आपलं बी पेरून पुन्हा उगवतो. मला लगेच दुबार पेरणी आठवली. बी पेरलं आणि पावसानं दडी मारली तर त्या नायकाचं काय होणार? माझ्या टेबलावर घोरन आलाच तर पेरणीचा फासा मी मृगाच्या भरवशावर सोडणार.

पीक म्हणजे माणूस, ही कल्पना आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडं रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून त्यात पांडव म्हणून दगड मांडतात, भज्जी, उंडे, आंबिल करतात आणि ती आंबिल पिकावर शिंपडत रानाभोवती फिरतात. मी लहानपणी आजोबांच्या मागं फिरलोय. ज्वारीच्या ताटांना आंबिल दिली की ती आपल्याशी बोलतील असं खरंच वाटायचं. म्हणून आंबिलीनं दोन ओल परत मिळतात, हाही नियम केला. त्यावर टेबलावर कुणी हरकत घेतली नाही.

रविवारी शेवटी आमची टोळी एका कोरड्या बारवेपाशी पोचली. पायऱ्यांवर गाव बसलेलं, रिकाम्या घागरी घेऊन. लेशीकडं एक ओल उरलेली. तो तळाशी उतरला, दगडांच्या फटीत मुळं सोडली. फासा टाकला, अठरा. खाली पाणी लागलं, पण एका माणसाच्या ओंजळीपुरतंच. तो वर बघत राहिला आणि आम्ही खेळ तिथंच थांबवला. लेशी खेळणारा आमचा शेतकरी औशाला परत गेला, त्याच्या रानात पाणी द्यायची पाळी होती.