खुलासा : रतन टाटा हे जेआरडींचे चिरंजीव नव्हेत

परवा आपल्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर मीच एक मेसेज पुढे पाठवला होता : ‘जेआरडींनी 1991 साली टाटा समूह आपल्या मुलाच्या, रतनच्या हाती सोपवला.’ साल बरोबर आहे, नातं साफ चूक.

पुरावा नावातच आहे. पारशांतही आपल्यासारखं वडिलांचं नाव मधे येतं. रतन नवल टाटा म्हणजे नवल टाटांचे पुत्र. हे नवल मुळात पारशी अनाथाश्रमात वाढले. टाटा समूहाचे संस्थापक जमशेटजी यांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांच्या पत्नी नवाजबाई यांनी पतीच्या निधनानंतर त्यांना दत्तक घेतलं. मला ही कहाणी फार मोलाची वाटते आणि त्या मेसेजने नेमकी तीच पुसून टाकली. जेआरडी म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई. त्यांचे वडील जमशेटजींच्या नात्यातले आणि धंद्यातले भागीदार. जेआरडींना मूलबाळ नव्हतं.

न तपासता पाठवलं, ही माझी चूक, माफ करा. तो मेसेज ठाण्यातल्या इतर ग्रुपांवरही गेलाय. मुलं त्यावरून शाळेतलं भाषण लिहितायत, म्हणून कृपया तो पुढे पाठवू नका आणि जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.