बाबांच्या खिशातलं कार्ड

नागपूरच्या मिहानमधली नोकरी सोडते, सोडते म्हणता दीड वर्ष झालं. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडलाय. मैत्रिणीने धरमपेठेत खोलीही पाहून ठेवलीय, दोघींनी मिळून वेबसाइटची कामं घ्यायची म्हणून. घरी कोणीही आलं की विचारतं, "काहून थांबून राहिली मग?"

बाबांसाठी. शुगर जुनी, त्यात दोन वर्षांपूर्वी रामदासपेठेत स्टेंट बसला. आमच्या कंपनीच्या आरोग्य विम्याच्या ग्रुप पॉलिसीत आईबाबा पहिल्या दिवसापासून आहेत, जुन्या आजारासकट. सगळं कॅशलेस झालं. तेव्हापासून विम्याचं कार्ड बाबांच्या शर्टाच्या खिशात असतं, टेकडीच्या गणपतीच्या फोटोसोबत. शर्ट धुवायला टाकताना आई आधी खिसा चाचपते.

नोकरी सुटली त्या दिवशी कव्हर संपलं. नवी पॉलिसी घ्यावी तर आधीच्या आजाराला वेटिंग, म्हणजे तेवढा काळ त्याचा खर्च मिळत नाही. 2024 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने ते जास्तीत जास्त चारवरून तीन वर्षांवर आणलं, सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही गेला. बरंच झालं. पण धंद्याची पहिली तीन वर्षं कडकीची, आणि नेमकी तीच बाबांची बिनकव्हरची! ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, हे मला नियम वाचून कळलं. एचआरचं उत्तर अजून "बघून सांगते" एवढंच.

अमेरिकेत 2010 च्या कायद्याने पोरं 26 वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या पॉलिसीवर राहू शकतात. आमच्या घरी उलटं, आईवडीलच पोरीच्या पॉलिसीवर.

बुटीबोरीतल्या मावसभावाचं तर ऐकाच. पगार 20,500. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेची, पगारमर्यादा 21,000. साहेब दीड हजार वाढवतो म्हणाले, तर हा गप्प! कारण ती ओलांडली की चालू सहामाहीपुरती वर्गणी, पुढे ईएसआयमधून बाहेर. मावशीचा इलाज त्याच्यावरच चाललाय. दीड हजारात बाहेर काय होतं? पगारवाढीला घाबरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आणि वर ऐकायचं काय, तर "आजकालच्या पोरांत रिस्क घ्यायची धमकच नाही." म्हणणारे काका बहुतेक सरकारी खात्यातून रिटायर्ड. नोकरीभर दवाखान्याची बिलं खात्यात लावली, त्यांना काय कळणार?

परवा जेवताना बाबांनी कार्ड काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "सोड बाई तू नोकरी. आपलं मेडिकल आहे ना." मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना, त्यांच्या मते तिथे सगळं होतं. आई काहीच बोलली नाही, पोळी वाढत राहिली. हात धुऊन आले आणि कार्ड उचलून त्यांच्या खिशात परत घातलं.