‘नावाचे ख्रिस्ती’ म्हणजे कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शेतजमिनींच्या विक्रीवरच्या लेखात मी लिहिलं होतं की गोव्यातल्या सासष्टी-बार्देश तालुक्यांतली शेतं आणि डोंगर बिल्डरांच्या घशात घालणाऱ्यांत हिंदू भाटकार, म्हणजे जमीनमालक, आहेत तसे ख्रिस्तीही आहेत. त्यावर तुमचं म्हणणं असं: तान्हेपणी डोक्यावर पाणी पडल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. नाताळाला नि फेस्ताला (सणाला) इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, तोंड दाखवायचं आणि वर्षभर पैशाची पूजा करायची, असले हे नावाचे ख्रिस्ती. नवा जन्म झालेला विश्वासी असं वागणार नाही. मी हिंदू आहे, तेव्हा आधी बायबल वाचावं आणि ‘ख्रिस्ती’ हा शब्द लेखातून काढावा.

शब्द काढणार नाही. कारण सांगते, जरा लांबण लागेल.

येशूच्या वचनाप्रमाणे चालतो तोच ख्रिस्ती, हा तुमचा अर्थ मला कळतो. ऐकायला तो चांगलाही वाटतो. पण त्या अर्थाने कुणाला ख्रिस्ती म्हणायचं तर त्याच्या मनात शिरता यायला हवं. मला ते येत नाही. मला बाहेरून दिसतं ते एवढंच: बाप्तिस्मा झालाय, लग्न इगर्जीत लागलंय, आईबाप सिमितेरीत (दफनभूमीत) पुरलेत, आणि विचारलं तर माणूस स्वतःला ख्रिस्ती म्हणतो. कॅथलिक चर्चच्या मते एकदा झालेला बाप्तिस्मा पुसला जात नाही, म्हणून तो पुन्हा देतही नाहीत. माणूस वाईट निघाला तर तो वाईट ख्रिस्ती. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा धरायचा की नाही, हा तुम्हा ख्रिस्ती लोकांतलाच वाद १५२५ साली झुरिकात पेटला, तो अजून विझलेला नाही. त्याचा निवाडा फोंड्याच्या एका हिंदू बाईने करावा, असं तुम्हाला का वाटावं?

इगर्जीत किती वेळा जातो ही कसोटी तर गोव्यात अगदीच निकामी. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तिथल्या इगर्जीतल्या मरियेला, तेल वाहायला हिंदू बायका जातात, कारण लोक तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. त्या तेल वाहून हिंदूच म्हणून घरी येतात. तिकडे कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गांवकार, म्हणजे गावची मूळ घराणी, फातर्प्याच्या शांतादुर्गा देवीशी नातं सांगतात, म्हणून त्यांना कोणी ख्रिस्ती नव्हेत असं म्हणत नाही.

निदान आता म्हणत नाही. एके काळी म्हणत होते, आणि नुसतं म्हणून थांबत नव्हते. खरा ख्रिस्ती कोण हे तपासणारी पोर्तुगिजांची धर्मकचेरी, इन्क्विझिशन, इथे १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली मोजकी वर्षं सोडता, चालू होती. तिचं नाव निघालं की आमच्याकडे लगेच हिंदूंवरच्या जुलमांची गोष्ट सुरू होते. जुलूम झालेच. पण त्या कचेरीचा मुख्य अधिकार होता तो बाप्तिस्मा घेतलेल्यांवर. १७३६ च्या फर्मानात त्यांना काय काय मना केलंय बघा: परड्यात तुळस लावायची नाही, धोतर नेसायचं नाही, भात अळणी शिजवून मीठ वरून घ्यायचं नाही. पेजेच्या मडक्यात डोकावून श्रद्धा तपासायची! तुमची कसोटी याहून कितीतरी वरची आहे, मान्य. तरी दुसऱ्याचा ख्रिस्तीपणा तपासायला कोणी निघाला की गोव्यात जन्मलेल्या मला आधी ती कचेरी आठवते.

आणि तुमचा नियम लावला तर त्या कचेरीचे न्यायाधीश, ते इन्क्विझितोरही, ख्रिस्ती नव्हतेच. मग त्या अडीचशे वर्षांचा जाब कुणाला विचारायचा? पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००० मध्ये चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. ‘ती आमची लेकरंच नव्हेत’ म्हणून हात झटकणं किती सोपं होतं! त्यांनी ते केलं नाही.

ही पळवाट आमच्यातही आहे, म्हणूनच ती मला चटकन ओळखू येते. ‘खरा हिंदू शिवाशीव मानत नाही’ असं सभेत छातीठोक सांगणारे मी ऐकलेत. मग मानणारे ते कोण, आभाळातून पडले? १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी गोव्यातल्या ख्रिस्ती गावडा समाजातल्या लोकांची शुद्धी केली, म्हणजे त्यांना हिंदू करून घेतलं, आणि आपण हिंदूंनी त्यांना नाव दिलं ‘नवहिंदू’. शंभर वर्षं होत आली, ते अजून ‘नव’च आहेत.

तुमच्या बाजूचा सगळ्यात वजनदार साक्षीदार तुम्ही काढलाच नाहीत, म्हणून मीच काढते: रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात येशूचे शिष्य म्हणून जागा होती. म्हणजे पाण्यावर सगळं अडत नाही, हे टिळकांनाही पटलेलं होतं. पण त्यांनी ते बाहेरच्यांना आत घेण्यासाठी वापरलं. तुम्ही आतल्यांना बाहेर काढताय.

बायबलचं म्हणाल तर मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला निदणाचा, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाचा, दाखला पुन्हा वाचा. चाकर निदण उपटायला निघतात, तर धनी म्हणतो, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, नाहीतर गहूही उपटाल.

राहता राहिला तो भाटकार. त्याच्यावर तुम्ही चिडलात, मीही चिडले आहे. मी त्याला फार तर टाउन प्लॅनिंगचा कायदा दाखवीन, ग्रामसभेत हरकत घेईन. ‘ख्रिस्ती असून शेत कसं विकलंस?’ हे मी त्याला विचारू शकत नाही, तो म्हणेल तुझा काय संबंध. तुम्ही विचारू शकता. फक्त त्यासाठी आधी तो ख्रिस्ती आहे हे तुम्हाला मान्य करावं लागेल.